सायलेन्सर बदलायचाच असेल, तर आधी नळी कुठे आवळली आहे ते शोधा

कोल्हापुरातल्या छोट्या पेट्रोल गाडीचा सायलेन्सर बहुतेकदा आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं आणि वाफ होऊन याच नळीतून बाहेर पडतं. राजारामपुरीतून महाद्वार रोडला जायचं, बाजार करायचा, परत यायचं. एवढ्याशा फेरीत मागचा डबा नीट तापतसुद्धा नाही. वाफ आतच थंड होते, पाणी डब्याच्या तळाशी साचतं, त्यात ज्वलनातून आलेली थोडी आम्लं मिसळतात. बाहेरून चार महिने पावसाचा मारा असतोच. काही वर्षांत डब्याची शिवण फुटते, गाडी फुरफुरायला लागते आणि सायलेन्सर बदलायची वेळ येते.

ही वेळ चांगली आहे. ठणठणीत सायलेन्सर नुसत्या हौसेपोटी उतरवून टाकू नये, पण सडलेला बदलायचाच असेल तर त्याच मेहनतीत वायू मोकळा जाईल अशी नळी बसवता येते. काम नीट झालं तर १.२ लिटरच्या साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, ८३ पीएसच्या इंजिनातून फार तर दोन-तीन पीएस जास्त मिळतात, तेही वरच्या आरपीएमला. यापेक्षा जास्त कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला आवाज विकतोय. आवाज वाढला म्हणजे फ्लो वाढला, हा या धंद्यातला सगळ्यात महाग पडणारा गैरसमज आहे.

नळी किती मोठी हवी, याचा हिशेब

१,१९७ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. ६,००० आरपीएमला मिनिटाला ३,००० वेळा ते आपल्या पूर्ण घनफळाइतकी हवा ओढतं. म्हणजे सेकंदाला जवळपास ६० लिटर. सिलिंडर शंभर टक्के भरत नाहीत, तेव्हा ९० टक्के धरू: ५४ लिटर. हाच वायू ५०० अंश सेल्सिअसला बाहेर पडताना फुगून सेकंदाला १४० लिटरच्या आसपास होतो.

आता नळी. बऱ्याच छोट्या गाड्यांत कॅटच्या, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, मागची नळी बाहेरून ३८ ते ४२ मिमी असते. तुमच्या गाडीची व्हर्नियरने मोजून घ्या, अंदाजावर जाऊ नका. ३८ मिमीच्या नळीला दीड मिमी जाडीचा पत्रा धरला तर आतला व्यास ३५ मिमी राहतो आणि त्यातून वायू सेकंदाला १४५ मीटर वेगाने पळतो. ४५ मिमीच्या नळीत, म्हणजे आतून ४२ मिमीत, तो वेग १०१ मीटरवर येतो. ५१ मिमीत, म्हणजे आतून ४८ मिमीत, ७७ मीटर.

वायू तेवढाच असेल तर घर्षणामुळे वाया जाणारा दाब व्यासाच्या पाचव्या घाताने कमी होतो. ३५ वरून ४२ ला गेलात की सरळ नळीतला तोटा मूळच्या ४० टक्क्यांवर येतो. ४२ वरून ४८ ला गेलात की २१ टक्क्यांवर. पहिल्या पायरीने साठ टक्के तोटा वाचला, दुसरीने आणखी एकोणीस. त्या एकोणीस टक्क्यांसाठी नळी जड होते, खाली लोंबते, हँडब्रेकच्या केबलजवळ येते आणि केबिनमध्ये घुमते. म्हणून १.२ लिटरच्या साध्या इंजिनाला बाहेरून ४२ ते ४५ मिमी. १ लिटरच्या तीन सिलिंडरला ३८ ते ४२ पुरे. ५१ मिमी टर्बो पेट्रोलसाठी राखून ठेवा.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. २,००० आरपीएमला वायू एक तृतीयांश असतो, तेव्हा तोटा नवव्या हिश्शावर येतो. म्हणजे ताराराणी चौक ते रंकाळा या गर्दीत नवी नळी काही म्हणजे काही देणार नाही. करूळ घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ४,०००च्या वर गाडी खेचताना जो दम लागतो, तिथे फरक कळेल. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. इथली हवा विरळ असल्यामुळे टर्बो नसलेलं इंजिन मुळातच पाच-सहा टक्के कमी ताकद देतं. ती कसर सायलेन्सरने भरून निघत नाही, पण मिळेल तेवढं गाठीला.

‘इंजिनाला बॅकप्रेशर (म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूला अडवणारा दाब) लागतंच, नाहीतर पिकअप जातो’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतं. इंजिनाला दाब नको असतो. त्याला हवा असतो वायूचा वेग आणि मॅनिफोल्डमधल्या (सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र आणणाऱ्या नळ्यांमधल्या) दाबलहरींचा नेमका ताळमेळ, म्हणजे एका सिलिंडरचा वायू बाहेर पडताना मागे जी पोकळी सोडतो ती पुढच्या सिलिंडरच्या कामी यावी. हा खेळ मुख्यतः मॅनिफोल्डच्या नळ्यांच्या लांबीवर ठरतो आणि त्याला आपण हात लावणार नाही. कॅटच्या मागे जाडच्या जाड नळी लावून पिकअप गेल्याची तक्रार येते, तेव्हा बऱ्याचदा एखादा जॉइंट गळत असतो. त्याकडे पुढे येऊ.

अडथळा कुठे आहे

वायूचा रस्ता असा: मॅनिफोल्ड, त्याला चिकटलेला कॅट, मग जाळीचा फ्लेक्स पाइप किंवा स्प्रिंग-बोल्टचा जॉइंट, मधली नळी, मधला डबा, मागच्या अॅक्सलवरून जाणारं वळण, मागचा डबा, शेपूट. सगळं बदलायची गरज क्वचितच असते.

मोजायची पद्धत सोपी आहे. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं भोक एम१८ बाय १.५ आट्यांचं असतं. इंजिन गार असताना सेन्सर काढा, त्या आट्यांचा अडॅप्टर लावा, अर्धा मीटर तांब्याची किंवा स्टीलची नळी जोडा आणि तिच्या टोकाला ० ते १ बारचा गेज. रबरी पाइप थेट लावला तर वितळतो. आयडलला ०.१ बारच्या आत आणि २,५०० आरपीएमला ०.२ बारच्या आत काटा राहिला तर काही तुंबलेलं नाही. त्याहून वर गेला तर कॅटच्या मागचा जॉइंट सैल करून पुन्हा मोजा. दाब उतरला तर अडथळा मागे आहे. तसाच राहिला तर कॅट भरलाय. सेन्सर काढलेला असताना चेक इंजिनचा दिवा लागेल, सेन्सर परत बसवून स्कॅनरने तो कोड पुसायचा. हे सगळं उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कॅट भरलेला निघाला तर आधी कारण शोधा. एखादी इग्निशन कॉइल मेली की न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं, आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळते आणि तिचे तुकडे वाहत मागच्या डब्यात जाऊन अडकतात. रबरी हातोडीने डब्यावर हलकी थाप द्या. आतून खडखड आली तर एकतर कॅटचे तुकडे आहेत किंवा डब्यातला पडदा सुटलाय. सुटलेला पडदा फसवा असतो. आयडलला गाडी ठीक, जोर दिला की पडदा नळीच्या तोंडावर जाऊन बसतो. कॉइल न बदलता नवा कॅट घातला तर तोही जाईल.

कॅट काढून सरळ नळी घालणं हा विषय इथेच संपवतो. बीएस-४ आणि बीएस-६ गाडीत कॅटच्या मागचा सेन्सर कॅटचं काम तपासत असतो. कॅट काढला की पी०४२० कोड येतो. स्पेसर लावून सेन्सरला फसवणं म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फुप्फुसात विष सोडून वर खोटं बोलणं आहे. ते करू नये आणि कोणाला करूनही देऊ नये.

मधली नळी आणि मागचा डबा, एवढंच आपलं क्षेत्र. दाब ठीक असेल आणि डबाही शाबूत असेल तर काहीच करू नका. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बदलून जास्त समाधान मिळेल.

पाइप घेताना

लक्ष्मीपुरीत किंवा उद्यमनगरात जाऊन नुसतं ‘दीड इंची स्टेनलेस पाइप द्या’ म्हणालात तर दोन वेगळ्या वस्तू हातात येऊ शकतात. ट्यूबच्या मापात दीड इंच म्हणजे बाहेरून ३८.१ मिमी. पाइपच्या नॉमिनल मापात दीड इंच म्हणजे बाहेरून ४८.३ मिमी. दहा मिमीचा फरक! तसंच सव्वा इंची नॉमिनल पाइप बाहेरून ४२.२ मिमी भरतो, म्हणजे आपल्या कामाचा. मात्र त्याची जाडी बघा: शेड्यूल ५ ची १.६५ मिमी, शेड्यूल १० ची २.७७ मिमी. शेड्यूल १० ची जड नळी गाडीखाली लावली तर तिला टांगून धरणारी रबरं तुटतात. पावणेदोन इंची ट्यूब ४४.५ मिमी असते. मिळाली तर हीच घ्या, जाडी १.२ किंवा १.५ मिमी. दीड मिमी जाडीच्या ४५ मिमी ट्यूबचं वजन मीटरला १.६ किलो पडतं. दुकानदाराच्या काट्यावर एक मीटरचा तुकडा ठेवला की जाडीबद्दलचा वाद मिटतो.

धातूबद्दल. ४०९ हे कंपन्यांचं आवडतं एक्झॉस्ट स्टील. वरून तपकिरी होतं, पण टिकतं. ३०४ चकचकीत राहतं आणि आपल्या पावसात जास्त भरवशाचं. चुंबक चिकटला की ‘हे स्टेनलेस नाही’ असं समजू नका, ४०९ ला चुंबक चिकटतोच. आणि चिकटला नाही म्हणून ते ३०४ आहे असंही समजू नका, कारण २०२ लाही चिकटत नाही आणि २०२ हेच ३०४ म्हणून विकलं जातं. गंजाच्या बाबतीत ते उणं पडतं. ओळखायला मँगनीज टेस्टचं थेंबाचं किट मिळतं किंवा नळीवर छापलेला ग्रेड आणि हीट नंबर बघायचा. नुसत्या शब्दावर घेऊ नका.

वळणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ग्रिलसाठी पाइप वाकवणाऱ्या साध्या मशीनवर नळी वाकवली तर आतली बाजू चुरगळते आणि तिथे क्षेत्रफळ सहज पंधरा-वीस टक्के घटतं. चार वळणं अशी झाली की जाड नळी घेतल्याचा फायदा तिथेच गेला. मँड्रल बेंड घ्या, म्हणजे आतून आधार देऊन वाकवलेलं. वळणाची त्रिज्या व्यासाच्या दीडपट असावी, ४५ मिमीला ६८ मिमी. आपल्या जिल्ह्याचा दुधाचा धंदा मोठा आहे, त्यामुळे डेअरीच्या लाइनला लागणारे ३०४ चे गुळगुळीत एल्बो इथे मागितले तर मिळतात. ते ३८ आणि ५१ मिमीत येतात. एक लिटरच्या गाडीला ३८ चे अगदी चपखल बसतात. ४२.२ च्या नळीला त्याच मापाचे शेड्यूल ५ चे बट-वेल्ड एल्बो मागा.

एका गाडीला एकूण लागतं ते असं: सरळ नळी अडीच ते तीन मीटर, ९० अंशांची वळणं चार ते सहा (हवी तशी कापून ४५ आणि ३० अंशांची करता येतात), आठ ते दहा मिमी जाडीच्या दोन फ्लँज (बोल्टने जोडायच्या चकत्या), दहा मिमीचा स्टेनलेस रॉड दीड मीटर हँगरसाठी, नवी डोनट गॅस्केट, नवे स्प्रिंग-बोल्ट आणि सगळी सायलेन्सर रबरं. जुनी रबरं परत लावायचा मोह टाळा.

डबा कोणता

कंपनीच्या डब्यात कप्पे असतात. वायू एका नळीतून आत येतो, उलटा फिरतो, भोकांतून दुसऱ्या कप्प्यात जातो, परत फिरतो. आवाज मरतो आणि दाबही खर्च होतो. सरळ आरपार डब्यात मधोमध भोकं पाडलेली नळी असते, तिच्याभोवती काचेचं किंवा बसाल्टचं लोकरीसारखं पॅकिंग. वायू न वळता जातो, आवाज पॅकिंगमध्ये जिरतो. फ्लोसाठी हा डबा चांगला, पण लांबी किमान ४०० ते ४५० मिमी हवी आणि आतल्या नळीचा व्यास आपल्या नळीइतकाच. मोठ्या तोंडाचा, आखूड डबा दिसायला रुबाबदार असतो. तो नुसता ओरडतो.

जुना डबा कापून आतले पडदे काढून ‘रिकामा’ करून देणारेही आहेत. ते करू नका. नळीतून वेगाने आलेला वायू रिकाम्या खोक्यात पसरतो, वेग गमावतो, आणि पुन्हा अरुंद तोंडातून बाहेर पडायला त्याला नव्याने जोर लावावा लागतो. फ्लो वाढत नाही, फक्त पत्रा थरथरतो.

मधला डबा ठेवायचा. यावर तडजोड नको. चार सिलिंडरच्या इंजिनात स्फोटांची वारंवारता म्हणजे आरपीएम भागिले ३०. पुणे-बंगळूर रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये १०० च्या वेगाला बऱ्याच छोट्या गाड्या २,८०० ते ३,००० आरपीएमला असतात, म्हणजे ९३ ते १०० हर्ट्झ. छोट्या हॅचबॅकची केबिन नेमकी अशा खोल आवाजांना दाद देते आणि कानात दडे बसवणारी घूं सुरू होते. साताऱ्यापर्यंत डोकं धरतं. मधला डबा काढलेल्या गाड्यांची हीच तक्रार असते. त्यावर एका बाजूने बंद असलेली उपनळी जोडायचा उपाय आहे: तिची लांबी म्हणजे आवाजाचा त्या वायूतला वेग भागिले वारंवारतेच्या चौपट. ३०० अंशांच्या वायूत आवाज सेकंदाला ४८० मीटर जातो, म्हणजे १०० हर्ट्झला १.२ मीटर. बंद उपनळीतला वायू त्याहून गार असल्याने प्रत्यक्षात मीटरभर पुरते. पण छोट्या गाडीखाली मीटरभर जादा नळी लपवायला जागा कुठे आहे? आरपार पद्धतीचा मधला डबा घ्या, त्यात फ्लोही जात नाही.

बसवताना

आदल्या संध्याकाळी स्प्रिंग-बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी गार इंजिनावर पुन्हा मारा. घाईत पाना लावला की बोल्ट तुटतो आणि मॅनिफोल्डच्या बाजूचे आटे जातात. मग अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवसांचं होतं. गाडी रॅम्पवर किंवा चार स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, मिस्त्री कितीही मुरलेला असो.

छोट्या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते आणि नळी तिच्या अगदी शेजारून जाते. सीएनजी गाडीत गॅसची लाइनही तिथेच. म्हणून गाडीखाली ग्राइंडर नाही, पूर्ण वेल्डिंग नाही. नळी गाडीखाली नुसती जुळवून मार्करने खुणा करा, बाहेर काढून टाके घाला, परत लावून बघा, पुन्हा काढा आणि मग बाहेर टेबलावर पूर्ण वेल्ड करा. गाडीवर टाका मारणं अटळच असेल तर तो टाकीपासून लांबच्या जॉइंटवर असावा, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली असावी, अर्थ त्याच नळीवर लावावा, ओली गोणी आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी असावा.

वेल्डिंग आर्गनवर करून घ्या. ३०४ ला ३०४ जोडताना फिलर (वेल्डमध्ये भरायची तार) ३०८एल. स्टेनलेसला कंपनीची साधी लोखंडी फ्लँज जोडायची तर ३०९एल. इथे बरेच जण चुकतात, ३०८ नेच जोडतात आणि काही महिन्यांत फ्लँजच्या कडेने चीर येते. वेल्ड करताना नळीच्या आतूनही आर्गन सोडायला सांगा, दोन्ही टोकं टेपने बंद करून छोटं भोक ठेवायचं. आतून आर्गन नसेल तर आतल्या बाजूला काळे खडबडीत गोळे होतात. तिथे वायू अडखळतो आणि गंजही तिथूनच सुरू होतो. उद्यमनगरात डेअरी आणि फार्माच्या कामाचे वेल्डर आहेत, त्यांना हे वेगळं समजावावं लागत नाही. गेट-ग्रिलच्या कारागिराला द्यायचं हे काम नव्हे.

जिथे नळीत नळी सरकवून क्लँप लावायचा, तिथे इंजिनाकडची नळी आत आणि मागची बाहेर. उलटं केलं तर वायू पायरीवर आपटतो आणि जॉइंट गळतो. एकमेकांत किमान ४० मिमी जाऊ द्या.

गरम झाल्यावर नळी वाढते, आणि ३०४ लोखंडापेक्षा जास्त वाढतं. तीन मीटर नळीचं तापमान सरासरी २५० अंशांनी वाढलं तर ती १३ मिमी लांब होते, सगळी मागच्या दिशेने. हँगर लावताना गार नळीवर रबरं किंचित पुढे ओढलेली ठेवा, म्हणजे गरम झाल्यावर ती सरळ येतात. गारच असताना सरळ लावली तर गरम झाल्यावर तिरकी ताणतात आणि डबा बंपरला टेकतो. फ्लेक्स पाइप काढून तिथे कडक नळी वेल्ड करणारेही भेटतात. इंजिन आपल्या माउंटवर हलतं, ती हालचाल फ्लेक्सने गिळायची असते. तो नसेल तर ताण थेट मॅनिफोल्डवर जातो आणि तिथे चीर पडते.

स्प्रिंग-बोल्ट खांदा टेकेपर्यंत आवळायचे, स्प्रिंग पूर्ण दाबून टाकायची नाही. तो जॉइंट हलण्यासाठीच आहे. फ्लँजचे एम१० चे ८.८ ग्रेडचे बोल्ट ४० ते ४५ न्यूटन-मीटर. ऑक्सिजन सेन्सरही साधारण तेवढाच. आट्यांना अँटी-सीझ लावताना सेन्सरच्या टोकाला लागू देऊ नका.

चोहोबाजूंनी २५ मिमी मोकळी जागा, टाकी आणि ब्रेकच्या नळ्यांजवळ ४० मिमी. कंपनीचे उष्णतेचे पत्रे काढले असतील तर सगळे परत लावा. ते खडखडतात म्हणून फेकले जातात आणि मग कार्पेट जळतं. जाड नळी बसवताना खालची पातळी जुन्याइतकीच ठेवा, वाढलेले मिलिमीटर वरच्या बाजूला घ्या. चार माणसं बसल्यावर गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर पहिला फटका मधल्या डब्यालाच बसतो. शेपूट बंपरच्या कडेबाहेर २० ते २५ मिमी यायलाच हवी. हॅचबॅकच्या मागे धावताना हवेची पोकळी तयार होते. शेपूट बंपरखाली संपली तर धूर डिकीच्या फटीतून आत ओढला जातो.

डब्याच्या सगळ्यात खालच्या, मागच्या कोपऱ्यात तीन मिमीचं एक भोक पाडा, पाणी निघून जायला. सुरुवातीला सांगितलेल्या सडण्यावर एवढा छोटा उपाय दुसरा नाही.

गळती

काम झालं की व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू शेपटीला लावा, कापडाने तोंड बंद करा आणि प्रत्येक जॉइंटवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे दिसतील तिथे काम बाकी आहे. कॉम्प्रेसरची हवा थेट सोडू नका, पॅकिंग फाटतं.

पुढच्या सेन्सरच्या आधी किंवा अगदी जवळ गळती असेल तर मोठा घोळ होतो. नळीतला दाब सतत वर-खाली धडधडत असतो; दाब उतरतो त्या क्षणी बाहेरची हवा फटीतून आत ओढली जाते. सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) वाटतं मिश्रण पातळ आहे, तो पेट्रोल वाढवतो. गाडी जड वाटते, अॅव्हरेज पडतं, पिकअप जातो, आणि खापर ‘बॅकप्रेशर गेलं’ यावर फुटतं. ओबीडी स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. कामाआधीचा आकडा लिहून ठेवा, आठवड्याने परत बघा. उणे १० ते अधिक १० च्या आत हवा. कॅटच्या मागच्या कामाला ईसीयू रिमॅप करायची गरज नसते, तसं सांगणाऱ्याकडून उठा.

कायदा आणि पीयूसी

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायला मनाई करतं. आवाज आणि प्रदूषणाचं उल्लंघन झालं तर कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्सही अपात्र. कारच्या आवाजाची मंजुरीच्या चाचणीतली मर्यादा ७४ डेसिबल आहे. मूळ आवाजापेक्षा गाडी ठळकपणे मोठी वाजत असेल, तर ते काम बिघडलेलंच समजा. वॉरंटीतल्या गाडीला हात लावू नका. जुना सेट शाबूत असेल तर तो न कापता जपून ठेवा. सगळं बोल्टवर बसेल असंच बनवा.

पीयूसीला बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा. २,५०० आरपीएमला कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा (हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३. काम झाल्यावर लगेच पीयूसी काढा. लॅम्डा १.०३ च्या वर दिसला तर मशीनला दोष देण्याआधी साबणाचं पाणी परत काढा: गळती शेपटीजवळ असली तरी आत आलेली हवा तिथे मोजली जाते.

पहिल्या दिवशी वीस मिनिटं इंजिन चालवून पूर्ण गार होऊ द्या आणि सगळे बोल्ट पुन्हा आवळा. पॅकिंगचा बाइंडर जळतो म्हणून थोडा धूर आणि वास येईल, तो दोन-तीन फेऱ्यांत जातो. शंभर किलोमीटरनंतर परत एकदा खाली वाकून बघा, विशेषतः घाटातून आल्यावर: कुठे घासल्याची चकाकी, काजळीचा काळा पट्टा, तिरकं झालेलं रबर. काजळीचा पट्टा म्हणजे गळती.

आणि पुराचं. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. आरपार डब्यातलं लोकरीचं पॅकिंग स्पंजसारखं पाणी धरतं, कंपनीच्या डब्यापेक्षा जास्त. गाडी बुडाली असेल तर इंजिनाचं जे काही तपासायचं ते तपासाच, पण सुरू करण्याआधी मागची फ्लँज सोडून डबा उतरवा, उभा करून निथळा, तीन मिमीच्या भोकात तार घालून गाळ काढा आणि उन्हात दोन दिवस राहू द्या. ओल्या डब्यासह गाडी सुरू केली तर आत वाफ कोंडते, पॅकिंगचे गोळे सुटून शेपटीतून बाहेर येतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी नवा डबा घ्यावा लागतो.